पाण्यापलीकडचं गोराई

गोराई दोन आहेत. एक बोरिवलीतलं, बिल्डिंगांचं. दुसरं खाडीपलीकडचं, जुनं गाव. मधलं पाणी बोटीनं चहा निवायच्या आत पार होतं. गाडीनं जायचं म्हटलं तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा सगळा वळसा. एथेल मुर्झेलो या दुसऱ्या गोराईची. बँकेतून रिटायर झालेली, सडेतोड बाई.

नवरा रिचर्ड गेला तेव्हा त्याची गाडी विकवेना, म्हणून ती चालवायला शिकली. गावानं हे बरोबर हेरलं. बोट बंद असली आणि कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की एथेलचं दार वाजणार. तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. एकदा मात्र फजिती झाली. गावातल्या श्वेताला बाळंतपणाच्या कळा सुटल्या होत्या आणि पेट्रोलचा काटा तळाला. पंप भाईंदरला. कसंबसं पोचली, पण त्या दिवसाचा धसका तिच्या मनातून गेला नाही.

आता त्या गाडीनं मान टाकली होती. नवी घ्यायची तर कुठली? अंधेरीहून मुलगा ॲश्टन फोनवर अक्कल शिकवत होता.

"मम्मा, इलेक्ट्रिक घे. एकदम झकास."

"आणि लाइट गेली की? तू येतोस ढकलायला?"

"मग हायब्रीड घे ना. पेट्रोल भरायचं. तिची छोटी बॅटरी चालता चालता आपोआप भरते, प्लग लावायला नको."

"म्हणजे पंपावर जाणं आलंच."

"मग तिसरी आहे. प्लगही आहे, पेट्रोलही आहे. पण ती फार महाग पडेल."

"मग सांगतोस कशाला?"

ती सरळ बोरिवलीच्या शोरूममध्ये गेली. तिथल्या सेल्समन सुबोधनं पत्ता विचारला आणि हसला. "गोराई? मॅडम, इथंच तर आहे. तुम्हाला काहीही घेतलं तरी चालेल."

"असं? मग ती इलेक्ट्रिक काढ. घरापर्यंत चालवून बघते."

तो आनंदानं शेजारी बसला. दहिसर गेलं तेव्हा गाडीचे गुण सांगत होता. भाईंदर आलं तसा चुळबुळला. "मॅडम, आपण चुकलो बहुतेक."

"तू चुकलास. मी घरी चाललेय."

गावात पोचले तर वारं भणाणत होतं. लाइट गेलेली, बोटही बंद. एथेलनं चहा टाकला. सुबोधनं बंद पडलेल्या पंख्याकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, हायब्रीडच घ्या. इथं इलेक्ट्रिकची वाट लागेल."

एथेललाही ते पटत आलं होतं. तेवढ्यात शेजारची जोआना सासऱ्याला धरून दारात. नाना जन्मभर मासे पकडणारा माणूस, आणि बोय माशाच्या काट्यानं त्याला पकडलं होतं. थुंकी गिळवेना, डोळ्यांत पाणी, एक बोट गळ्याकडे.

"भात गिळला, केळं गिळलं, काय होत नाय," जोआना रडकुंडीला आली. "बोट बंद हाय, बाय."

"आता काही भरवू नकोस त्याला. बसा गाडीत."

"मॅडम, ही डेमोची गाडी आहे," सुबोध गडबडला. "बॅटरी पाव हिस्साच राहिलीय."

"बोरिवलीपर्यंत पुरेल?"

"तेवढी पुरेल."

"मग बोलतोस काय? मागे बस आणि त्याचं डोकं धर."

उत्तनचा चढ गाडीनं आवाजही न करता काढला. एथेलची नजर रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या आकड्यावर जास्त. आकडा उतरत होता, पण पेट्रोलच्या काट्यासारखा अचानक तळाला जात नव्हता. बोरिवलीला डॉक्टरनं चिमट्यानं काटा काढला. नानाला वाचा फुटली ती अशी:

"एथेल बाय, गाडी पूर्ण वेळ न्यूट्रलवर सोडली होतीस काय गं? विंजिनचा आवाजच नाय! मला वाटलं, मेलो."

जोआना हसू लागली, मग रडली.

बाहेर येऊन एथेलनं गाडीचा आकडा पुन्हा पाहिला. एवढ्यावर घरी परत जाता आलं नसतं. घरी उभी असताना एवढीच भरलेली असती आणि लाइट गेलेली असती तर? तिला घरचं पिंप आठवलं. नळ कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पाणी असेल तेव्हा काठोकाठ भरून झाकलेलं. गोराईत कुणी बाई अर्ध्या पिंपावर झोपत नाही.

"हीच लिहून घे," ती सुबोधला म्हणाली.

"इलेक्ट्रिक? लाइट गेलेली पाहिलीत ना?"

"नळही जातो. म्हणून मी तहानेनं मेले काय? पेट्रोलचा पंप भाईंदरला, प्लग माझ्या ओट्यावर. घरी आले की लावायचा. भरलेली असली की दवाखाना गाठून परत येते ना?"

"आरामात. पण दोन दिवस लाइट नाही आली तर?"

"तर दवाखान्यात आल्यावर इथं बोरिवलीतच चार्जरवर भरून नेईन. इथं तर येणारच ना मी?"

सुबोधनं खिशातून पेन काढलं.

गाडी यायच्या आधी चार्जर बसवणाऱ्याचा फोन आला. "मॅडम, गोराईत उभा आहे. तुमची बिल्डिंग कुठली?"

"बिल्डिंग नाही, घर आहे. पाण्याकडे तोंड कर. समोर दिसतंय ते माझं गोराई. बोट चालू आहे तोवर ये. आणि वायर लांब आण रे, ओटा मोठा आहे."