गोळी घेतली का, सर?

चार रिकामी म्हातारी माणसं आणि चार रिकामी तरुण पोरं एका चबुतऱ्यावर बसली, की किस्से आपोआप साठतात. आमच्या सिडकोतल्या बागेत दर रविवारी सकाळी हेच चालतं. आम्ही रिटायर लोक नोकरी शोधणाऱ्या पोरांच्या लुटुपुटूच्या मुलाखती घेतो. मी टेलिफोन खात्यातली, म्हणून इंग्रजी बोलणं माझ्याकडे. पण आमच्यातले खरेखुरे साहेब म्हणजे देशमुख. एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होते. देशमुख वहिनी वारल्यापासून ते घराबाहेर पडेनात, म्हणून आम्हीच त्यांना ओढून आणलं. ते मात्र सांगतात, पोरांवर उपकार म्हणून येतो.

*

साहेबांचा पहिला नियम : दार वाजवल्याशिवाय आत यायचं नाही. आता चबुतऱ्याला दार कुठलं? चार लोखंडी खांब, वर पत्रा, खाली समोरासमोर दोन खुर्च्या. पोरं बिचारी खांबावर टकटक करून "मे आय कम इन, सर?" म्हणतात. एकदा चणेवाला टोपली घेऊन सरळ आत शिरला. साहेबांनी त्यालाही परत पाठवलं, आणि त्यानंही खांब वाजवला! तेव्हापासून तो बाहेरूनच ओरडतो.

*

आमेर म्हणजे आमचा तोंडाळ उमेदवार. साहेबांनी त्याला ठेवणीतला प्रश्न टाकला, "पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघतोस?"

"पहले आप बताओ, सर."

साहेबांनी चष्मा पुसला. "पाच वर्षं? अरे, मी मोबाईलचा रिचार्जसुद्धा महिन्याचाच मारतो."

*

हल्ली मुलाखती मोबाईलवरही होतात. साहेबांना व्हिडिओ कॉल शिकवायचं काम आमेरकडे गेलं. पहिल्या दिवशी आम्हाला नुसता त्यांच्या घरचा छताचा पंखा दिसत होता.

"सर, पंखा तो मस्त है," आमेर म्हणाला, "लेकिन जाले बहोत हो गए."

दुसऱ्या दिवशी पोरं जळमटं काढायला झाडू घेऊन घरी हजर. "मी मदत मागितली नव्हती," साहेब गुरगुरले. मग स्वतः सगळ्यांना चहा केला. साखर घालायची राहिली होती. पोरांनी मुकाट्यानं प्यायला.

*

रोहिणी जवळच्या करमाड गावची. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास, पण समोर मोठा साहेब दिसला की वाचाच बसायची. यंदा नोकरी नाही लागली तर लग्न उरकायचं, असं घरच्यांनी ठरवलेलं. पोरगी आतून पार धास्तावली होती.

देशमुखांची लेक पुण्याला असते. बाबा बीपीची गोळी विसरतात, जरा विचारत जा, असं तिनं रोहिणीला फोनवर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे रोहिणीची प्रत्येक मुलाखत एकाच वाक्यानं सुरू व्हायची, "सर, गोळी घेतली का?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकायची नाही.

मग शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत खरी मुलाखत आली. तिनं टकटक केली, बसली, आणि समोरच्या पिकल्या केसांच्या साहेबांना सवयीनं विचारून बसली, "सर, गोळी घेतली का?"

त्या साहेबांनी खिसा चाचपला. "अगं, राहिलीच की." आणि पाणी मागवलं.

"मंग मला भ्याच वाटंना, मावशी," ती मला म्हणाली. "म्हटलं, ह्ये बी आपल्या सरांवानीच हायेत."

नोकरी लागली.

*

त्या रविवारी पेढे होते. देशमुखांनी उभ्यानंच पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मी आता कायमचा पुण्याला जातोय, लेकीकडं. तुमचं मार्गी लागतंय. माझं इथं काय काम?"

पोरांचे चेहरे उतरले. माझाही उतरला, खोटं कशाला बोलू.

रोहिणी उठली आणि थेट त्यांच्या खुर्चीत बसली. "सर, भाईर जावा. टकटक करून या."

साहेब गेले, खांब वाजवून आत आले, समोर बसले.

"सध्याची जागा का सोडताय?"

"लेकीला काळजी वाटते..."

"त्ये लेकीचं झालं. तुमचं सांगा. मुलाखतीत खोटं बोलायचं नाय, तुम्हीच शिकवलंय."

साहेबांनी शर्टावरचा पेढ्याचा चुरा झटकला. "हा प्रश्न ऑप्शनला टाकतो," म्हणाले.

"मंग आम्ही कळवू," रोहिणी म्हणाली.

पुढच्या रविवारी साहेब वेळेवर आले नाहीत. कधी नव्हे ते! त्यांची खुर्ची रिकामी ठेवून मी मुलाखती सुरू केल्या, पण कुणाचंच लक्ष लागेना. आमेरची नजर सारखी बागेच्या फाटकाकडं. चणेवाला बाहेरून ओरडून गेला.

तेवढ्यात खांबावर टकटक झाली.

रोहिणीनं मान वरसुद्धा केली नाही. "गोळी घेतली का?"

"घेतली," मागून साहेबांचा आवाज आला. "सध्याची जागा सोडत नाही, लेकीला कळवलंय. आत येऊ?"