जावईबापूंचा चाकू

धाकट्या बहिणीचा नवरा मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. नौपाड्यात राहायचा, मुंबईत कुठल्याशा ऑफिसात कारकून होता आणि बोलायचा असा, की सगळं ऑफिस याच्याच खांद्यावर उभं आहे. लग्न वैशाखात झालं. आषाढात रीतीप्रमाणे बहीण डोंबिवलीला माहेरी आली. श्रावण गेला, गणपती गेले, तरी तिला न्यायला कोणी फिरकलं नाही. शेजारणी आईला विचारायच्या, "काय हो, लेक अजून इथेच?" आई हसून वेळ मारून न्यायची आणि आत येऊन रडायची.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. जावईबापू पाडव्याला येतील आणि बायकोला घेऊन जातील. मात्र दिवाळसणात त्यांना उत्तम विलायती घडीचा चाकू हवा, साहेबाच्या खिशात असतो तसा. आधी पेन झालं, मग छत्री झाली, आता चाकू. या माणसाने जन्मात स्वतःच्या हाताने काकडी चिरली नसेल! मी तसं म्हटलं, तर बाबा माझ्यावरच उखडले. "तुला काय करायचंय? पोरीचा संसार मार्गी लागतोय ना? आण बघू मुकाट्याने."

मी तेव्हा ठाकुर्लीच्या वीजघरात फिटर होतो. लोखंड-पोलाद रोज हाताखालून जायचं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. जीव नुसता जळत होता. पण एक ठरवलं, द्यायचाच तर असा द्यायचा की याला नाव ठेवायला जागा उरू नये.

कल्याणच्या बाजारात दुकानदाराने दोन चाकू पुढे टाकले. एक स्टेनलेसचा, लखलखीत. स्टेनलेसचं खूळ तेव्हा नुकतंच घरोघरी शिरत होतं. आमच्या आईकडे त्याची एकुलती एक वाटी होती, ती पाहुण्यांना दिसावी म्हणून फळीवर सगळ्यांत पुढे असायची. दुसरा चाकू साध्या पोलादाचा, शिंगाच्या मुठीचा, रंगाने करडा, जुन्या विलायती मालातला उरलेला.

"हाच न्या," चकचकीत चाकू पुढे सारत दुकानदार म्हणाला. "गंज नाही, डाग नाही. जन्मभर असाच राहील."

"आणि धार?"

"धार आहे की."

मी खिशातून लहानशी कानस काढली आणि स्टेनलेसच्या पात्याच्या बुडाशी, दिसणार नाही अशा जागी, हळूच फिरवली. कानस लगेच चावली. म्हणजे पोलाद मऊ, चार दिवसांत बोथट होणारं. करड्या पात्यावर फिरवली तर ती नुसती घसरली. हे कडक होतं, धार धरणारं. मग कागद कापून पाहिला, पातं नखावर टेकवून पाहिलं, उघडून-मिटून कुठे डुगडुगतंय का तेही पाहिलं.

"ओ, घ्यायचा नाय तर ओरबाडताय कशाला?" दुकानदार खेकसला. "चाकू घ्यायला आलाय की सोयरीक जमवायला?"

"घ्यायचाय म्हणूनच बघतोय."

"बघा, बघा! आंबट लागलं की तो काळा पडणार. मग माझ्याकडे यायचं नाय."

"पुसायला हात आहेत आम्हाला," मी म्हणालो. तासभर हुज्जत घालून करडा चाकू घेतला. घरी येऊन ही हकिगत सांगितली, तेव्हा कितीतरी दिवसांनी बहीण खळखळून हसली.

पाडव्याला जावईबापू आले. बहिणीने ओवाळलं, तर तबकात काही न टाकता "घरी गेल्यावर बघू" म्हणाले. जेवणं झाली. चाकू हातात पडताच त्यांनी आईकडे मोसंबं मागितलं, अर्धं कापलं, एक फोड तोंडात टाकली आणि ओला चाकू तसाच ताटलीत ठेवून साहेबाचं पुराण लावलं. पुराण संपेपर्यंत पात्यावर काळेनिळे डाग उमटले होते.

"हे काय?" चाकू दोन बोटांत धरून ते म्हणाले. "लोखंड गळ्यात मारलंत होय?"

"चांगलं पोलाद आहे," मी म्हणालो. "आंबट लागलं की पुसायचं असतं. डागाने धारेला काही होत नाही."

"म्हणजे आता मी चाकू पुसत बसू?" त्यांनी तो ताटलीत आपटला. "स्टेनलेसचा आणून द्या. तो आला की हिला न्यायचं बघू. तोवर राहू दे इथेच."

माझा हात शिवशिवत होता. पण बाबा मध्ये पडले आणि चक्क हात जोडून म्हणाले, "जावईबापू, रागावू नका. बाजार उघडला की हा बदलून आणेल. तुम्ही आजच न्या तिला." ते जोडलेले हात पाहून मला त्या माणसापेक्षा बाबांचाच जास्त संताप आला.

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने चाकू उचलला, पदराने पुसला, उरलेलं मोसंबं कापलं आणि फोडी बाबांपुढे ठेवल्या.

"हा चाकू बदलायचा नाही," ती म्हणाली. "तो या घरात राहील. मीपण इथेच राहणार."

जावईबापू बघतच राहिले. कोणीतरी तिला गप्प करेल असं त्यांना वाटलं असावं. आईने मोसंब्याची सालं उचलून आत नेली. शेवटी चपला घालून ते दाणदाण जिना उतरून गेले. बाबा त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले, एकटेच परत आले आणि माझ्यावर कडाडले, "एका चाकूपायी बहिणीचं घर मोडलंस!"

मी तोंड उघडणार, तोच बहीण म्हणाली, "बाबा, दादाने दुकानदाराची बोलणी खाल्ली, पण चाकू तासभर पारखून आणला. तुम्ही माझं लग्न ठरवायला नौपाड्याला गेलेलात, तेव्हा पगाराशिवाय काय विचारलंत?"

ती आत गेली आणि पात्याला खोबरेल लावत बसली.