खंडेनवमीचा हार

मलकापूरच्या संयोगितानं सांगलीत विश्रामबागेत फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा पहिलं वर्षभर लोक आले ते पासपोर्ट फोटोसाठीच. पांढरा पडदा, कान दिसू द्या, हसू नका. तिला मात्र चेहरे काढायचे होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती कॅमेरा घेऊन बाजारांत, जत्रांत फिरायची.

औंधला यमाईच्या यात्रेत तिला रंगुबाई दिसल्या. माणदेशातल्या मेंढपाळ घरातल्या, सत्तरीच्या, घोंगड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसलेल्या. वरच्या ताडपत्रीतून झिरपलेला मऊ उजेड त्यांच्या निम्म्या चेहऱ्यावर आला होता. असा उजेड स्टुडिओत दोन दिवे आणि छत्री लावूनही जमत नाही. फोटो काढू का, असं तिनं विचारलं. रंगुबाई म्हणाल्या, काढ की, पण मलाबी एक आणून दे. तिनं लगेच हो म्हटलं, गावाचं नाव विचारून घेतलं.

तो फोटो मोठा छापून तिनं स्टुडिओच्या काचेत लावला आणि दिवस पालटले. रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. आमच्या आईचा असाच काढा, म्हणत लोक घरच्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणायचे. सकाळी शटर उघडलं की संयोगिता आधी त्या चेहऱ्याकडे बघायची. रंगुबाईंना फोटो द्यायला जायचं मात्र राहूनच गेलं. यात्रा गेली, उन्हाळा गेला, पाऊसही संपत आला.

मग खंडेनवमी आली. संयोगिताचे वडील सयाजीराव तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफेला हार घालूनच तिथं नवमी व्हायची, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. सकाळी त्यांनी फोन करून बजावलं, ज्याच्यावर पोट चालतं त्याला फूल वाहायला विसरू नको. तिनं कॅमेरे पुसले, लेन्स मांडल्या, दिवे, प्रिंटर, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. एक हार उरला. खरं गिऱ्हाईक आणलं ते या बाईंनी, असं मनाशी म्हणत तिनं तो काचेतल्या फोटोला घातला. खाली उदबत्ती खोचली आणि हात जोडले.

दुपारी बाहेर कुणीतरी मटकन बसल्याचं दिसलं. हातात झेंडूची पिशवी घेतलेली तिशीची बाई पायरीवर बसून काचेकडे बघत होती. चक्कर आली असेल, म्हणून संयोगिता पाणी घेऊन धावली. बाईनं पाण्याकडं पाहिलंच नाही.

"कवा गेली?" तिनं विचारलं.

"कोण?"

"माझी आई."

ती रंगुबाईंची मुलगी सोनम होती. सांगलीतच दिलेली. जत्रेतल्या मानपानावरून भावाशी वाजल्यापासून तिनं माहेरची वाट सोडली होती. संयोगिता काही बोलायच्या आत तिनं भावाला, अर्जुनाला, फोन लावला. आईला जाळून मोकळे झालात, लेकीला तोंडसुद्धा दाखवलं नाहीत, तुमच्या घरात माणसं हायत का दगडं, असं ती भर रस्त्यात बोलत सुटली. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. फुलं घ्यायला आलेल्या बायका थांबल्या. संयोगिता शेजारी उभी राहून "अहो, नाही, तसं नाही" एवढंच म्हणत राहिली.

पलीकडे अर्जुनानं कुणाला तरी हाक मारली. मग फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.

"आगं, मी हाय अजून," रंगुबाईंचा आवाज आला. "शेरडामागं चालले हुते. कोन मेलं म्हनतीस?"

सोनमनं काचेतल्या हाराकडे पाहिलं.

"तुला काय कळायचं म्हना," रंगुबाई म्हणाल्या. "तू येतीस कुठं? तुला जित्ती काय आन् मेलेली काय."

सोनमनं फोन संयोगिताच्या हातात दिला आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. खंडेनवमीचं, हत्यारांचं, उरलेल्या हाराचं सगळं संयोगितानं अडखळत सांगितलं. आपलं बोलणं आपल्यालाच खोटं वाटतंय, असं तिला झालं.

"व्हय गं, तू ती यात्रंतली पोरगी," रंगुबाई हसल्या. "फोटो देते म्हनलीस आन् हार घालून मोकळी झालीस."

संयोगितानं आत जाऊन हार काढला. गर्दी काचेतून बघत होती.

दसऱ्याला दोघी एकाच एसटीनं निघाल्या. सोनमच म्हणाली होती, "तुमी चला. एकटीनं दारात उभं ऱ्हायचं धाडस न्हाई माझं." संयोगिताकडे नव्यानं छापलेली एक प्रत होती. कॅमेरा तिनं घरीच ठेवला होता.

गावात बातमी आधीच पोचली होती. पारावरचा एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "रंगे, तेराव्याला पावनं आलं बघ." लोक हसले. अर्जुना दारात होता. बहिणीला पाहून तो बाजूला झाला, पण ये म्हणाला नाही. सोनम उंबऱ्याबाहेरच खाली बघत उभी राहिली.

रंगुबाई आतून आल्या. लेकीच्या हनुवटीला धरून त्यांनी तिचं तोंड वर केलं, दोन्ही हातांनी चाचपलं आणि तिला आत नेलं. मग संयोगितानं पुढं केलेली प्रत हातात घेत तिला म्हणाल्या, "तूबी ये. भाकरी खाऊन जा."

त्या समोर बसून वाढत होत्या. रोज काचेत बघितलेला तो चेहरा हातभर अंतरावर होता. संयोगिता ताटात बघून जेवली.