उजवीकडे जाणारा चेंडू

मामा चेंडूकडे बघतच नसत. आपण जीव खाऊन फटका मारावा, मान वर करून चेंडू कुठे गेला ते शोधावं, आणि मामांची नजर मात्र आपल्या बुटांवर. "गेलेल्या चेंडूचं काय बघायचं? पाय बघा, पाय," असं म्हणायचे. मुंबईतल्या एका क्लबात तीस वर्षं त्यांनी कॅडीचं काम केलं होतं. साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्या वाहायच्या आणि त्यांचे भरकटलेले चेंडू हुडकायचे. मग निडीला, आपल्या गावी परतले. रोह्याच्या अलीकडे एका हौशी माणसाने माळावर सहा होलचं छोटं मैदान केलं होतं, तिथे ते आमच्यासारख्या नवशिक्यांना शिकवत. सगळे त्यांना मामाच म्हणत, खरं नाव कोणी घेत नसे.

मी पेणला राहतो आणि एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, म्हणून दिवसभर लोकांच्या मागे लागणं हे माझं काम. त्यामुळे पुढचं सांगताना अजूनही जीभ जड होते.

एका रविवारी सकाळी तिसऱ्या होलजवळ, मैदानाच्या उजव्या कडेला चार बायका गवत कापत होत्या. त्या पुरेशा लांब आहेत असं मला वाटलं. चेंडू सरळ निघाला आणि मध्येच उजवीकडे वळला. माझा फटका नेहमीच असा वळायचा. त्याला स्लाइस म्हणतात, आणि मी त्यावर विनोद करायचो. मामा ओरडले तोवर एक बाई मटकन खाली बसली होती. चेंडू उजव्या कानाच्या वर लागला होता. ती मामी होती, मामांची बायको.

रोह्याच्या दवाखान्यात ती चार दिवस होती. कवटीला काही झालेलं नाही, पण कानाचं आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज जायचो, डॉक्टरांना तोच प्रश्न विचारायचो आणि मामीच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो. तिच्याशी बोलायला तोंड उघडत नसे. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "किती वेला विचारता त्यांना? मी जिती हाय ना!"

ती घरी आली त्या दिवशी काठ्यांची पिशवी घेऊन मी निडीला गेलो आणि ती मामांच्या अंगणात ठेवली. "मामा, मी सोडतोय खेळणं."

"चेंडू उजवीकडं का गेला, कळलं का तुमाला?"

"नाही."

"मंग सोडून काय होनार? आज सोडाल. दोन वर्सानं कुनीतरी आग्रह करील, परत काठी हातात घ्याल. चूक आत तशीच बसलेली असंल. येत्या रविवारी या."

भात कापून झालं होतं. घरामागच्या खाचरात, मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात आमची शिकवणी सुरू झाली, आणि दीड महिना मामांनी मला चेंडू दिलाच नाही. उजव्या काखेत टॉवेल धरायचा आणि तो पडू न देता काठी फिरवायची. मग दोन्ही पाय जुळवून फिरवायची. मग इतकी सावकाश, की बांधावरून जाणारी माणसं थांबून बघत. काठीवरची माझी घट्ट पकड त्यांना मुळीच खपत नसे. "दुधाची पिशवी धरताव तशी धरा. पिळू नका." माझा दोष त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "तुमचा खांदा पयला धावतो, कंबर मागं राहते. चेंडू कुठं जातो ते बघायची घाई हाय तुमाला." तो दोष काढायला मात्र अख्खा हिवाळा गेला.

मामी पडवीत वाल सोलत बसलेली असायची. मी मुद्दाम तिच्या उजव्या बाजूने जायचो आणि हळूच हाक मारायचो, "मामी." तिचं डोकं वर व्हायचं नाही. मग त्या सकाळी माझं काही धड होत नसे. "कानाचं डॉक्टर बघतील, तुमी टॉवेल बघा," असं मामा म्हणायचे, पण तेही तिच्याकडे चोरून बघताना मला दिसायचे.

चेंडू समोर ठेवला त्या दिवशी वेगळंच झालं. काठी वर गेली आणि वरच थांबली. खाली येईना. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी काठी टाकून बांधावर बसलो. मामा शेजारी येऊन बसले. बराच वेळ त्यांनी पायाने ढेकळं फोडली.

"ओरडायचं काम माजं होतं," ते म्हणाले.

"मामा, चूक माझी होती."

"ऐका. कॅडी चेंडूवरची नजर काढत नाय. तीस वर्सं नाय काढली. त्या दिवशी मी शानपना करून तुमच्या पायाकडं बघत व्हतो. ती तिथं उभी हाय, मला ठावं होतं. बघत असतो तर येलेवर ओरडलो असतो." मग म्हणाले, "झोप नाय लागत मला. तुमचा फटका सरल झाल्याबिगर लागनार बी नाय."

इतके दिवस ते मला सावरताहेत असं मी धरून चाललो होतो. मी उठलो. काठी वर गेली आणि खाली आली. चेंडू उजवीकडेच गेला, बराच उजवीकडे. पण गेला.

शिमग्यानंतर आम्ही पुन्हा मैदानावर उतरलो. मामी कामावर परतली होती. तिसऱ्या होलपाशी त्या चौघी पुन्हा उजव्या कडेलाच. मामा म्हणाले, "मारा." मी नाही म्हटलं. मामांनी हाका मारून बायकांना झाडाखाली पाठवलं. मामी तिकडे गेलीच नाही. ती तडक चालत आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहिली. माझी मान खाली होती. फटक्याचा आवाज झाला, तरी मी मान वर केली नाही.

"सरल गेला," मामी म्हणाली.

मी वळून पाहिलं तर मामा कपाळावर हात आडवा धरून, चेंडू थांबेपर्यंत त्याच्याकडेच बघत होते.

पावसाळ्याआधी दोघं पनवेलला लेकीकडे राहायला निघाली. मामीच्या कानाचे उपचार तिकडे सोयीचे होते, आणि मामांचे गुडघेही थकले होते. निडी स्टेशनवर मी पोचवायला गेलो. फलाटावर आम्ही तिघंच होतो. दवाखान्यापासून आतापर्यंत मी मामांची शंभरदा क्षमा मागितली होती, तिची एकदाही नाही. गाडी दिसली तेव्हा कुठे मला धीर झाला. "मामी, मला माफ करा."

नेमका गाडीने भोंगा वाजवला. "आं?" ती म्हणाली.

मामा तिच्या डाव्या कानाशी वाकून ओरडले, "माफी मागतायत गो!"

"आता?" मामी हसली. "गाडी आली, आधी चढू तर द्या!"

मी बोचकी आत सारली. गाडी हलली. मामी खिडकीशी येऊन बसली आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, चांगली दोन-तीन वाक्यं. मी फलाटावरून थोडा धावलो, पण चाकांच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही. फोन करून विचारता येईल. अजून विचारलेलं नाही.