उन्हाळ्याच्या बंदोबस्ताचा अर्ज

कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून मी उन्हाळ्याविरुद्ध तक्रार दाखल केली होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मॅट्रिकला गणितानं माझी पार वाट लावली होती. अशा काठावरच्या मुलांसाठी नागपूरच्या एका कॉलेजात निबंधाची परीक्षा असायची. तिचे गुण मॅट्रिकच्या गुणांत मिळवायचे आणि मग यादी लावायची. यादीत नाव आलं तर कॉलेज, नाही तर शिवणक्लास, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. मला शिकायचं होतं. (शिवाय सुईत दोरा ओवायलासुद्धा मला शेजारीण लागायची!)

आमच्यात लिहिणारा माणूस एकच, माझा मामा. रामटेकच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून तो लोकांचे अर्ज लिहायचा. शिक्षण चौथी पास, पण तोरा बॅरिस्टरचा!

"निबंध म्हंजे काय वं? अर्जच तो," मामा म्हणाला. "वर विषय टाकाचा, मंग आपण कोण ते सांगाचं, मंग तक्रार, मंग विनंती. खाली दोन साक्षीदार. माह्या हातचा एकबी अर्ज आजवर वापस नाही आला."

"पण मामा, झाडावर निबंध आला तर?"

"तं झाडाची तक्रार कर. तुले कोण अडवून राहिलं?"

पंधरा दिवस त्यानं माझ्याकडून रोज एक अर्ज लिहून घेतला. गाय, नदी, पोळ्याचा सण, कुणालाही आम्ही सोडलं नाही.

परीक्षेत विषय आला, 'नागपूरचा उन्हाळा'. माझा हात जो सुटला तो थांबेचना. 'विषय : उन्हाळ्याचा बंदोबस्त होण्याबाबत. अर्जदार ही रामटेकची कायम रहिवासी असून, सदर उन्हाळा दरवर्षी मार्चपासून अर्जदाराच्या घरात विनापरवाना घुसतो. वाळ्याचा पडदा लावून अटकाव केला असता तो कौलांतून आला. अर्जदाराची म्हैस दुपारी डबक्यातून उठण्यास साफ नकार देते...' शेवटी, मायबाप सरकारनं सदर उन्हाळ्यास कडक समज द्यावी, अशी नम्र विनंती केली. आणि सवयीनं पेनातली शाई डाव्या अंगठ्याला फासून खाली ठसा उमटवला. (मामाच्या गिऱ्हाइकांना सही कुठली यायला! लिहिता येतं म्हणून प्रवेश मागणारी मी, आणि खाली अंगठा!)

इथवरही निभावलं असतं, पण साक्षीदार राहिले होते. मी पेपर शेजारच्या मुलीकडे सरकवला.

"इथं तेवढी सही कर ना."

ती बिचारी घाबरून सही करत असतानाच देखरेखीच्या सरांनी तो पेपर उचलला. कॉपी! त्या मुलीला समज देऊन सोडलं, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मामाला बोलावणं गेलं.

मराठीच्या प्रोफेसरबाईंपुढे आम्ही दोघं उभे राहिलो. शिवणक्लास समोर दिसत होता आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. बाई पेपर वाचत होत्या, आणि त्यांचा पदर हळूहळू तोंडाकडे चालला होता.

"हे कुणी शिकवलं हिला?"

"म्याच, बाईसाहेब," मामा म्हणाला. "चुकलं ते माहं चुकलं. पोरीले काहून शिक्षा?"

ज्या माणसानं जन्मात कधी स्वतःची चूक मानली नव्हती, तो माझ्यासाठी हात जोडून उभा होता.

"चूक तर आहेच. निबंध असा नसतो," बाई म्हणाल्या. "पण बाकी सगळ्या पेपरांत नुसता सूर्य आग ओकतोय. उन्हाळा शिरला तो हिच्या एकटीच्या घरात. मला ती म्हैस दिसली हो."

मग त्यांनी जरा आवाज खाली आणला. "मामासाहेब, आमच्या मुलींच्या खोलीला नळ नाही. तीन अर्ज केले, तिन्ही पडून आहेत."

मामानं खिशातलं पेन काढलं. "विषय सांगा," तो म्हणाला.

यादी लागली, तर निबंधात मी पहिली! महिन्याभरात नळही आला. पुढची चार वर्षं मामा मला भेटायला यायचा, तेव्हा शिपाई त्याला गेटावरूनच ऑफिसात घेऊन जायचा, आणि माझी पाळी तासाभरानं यायची.

माझ्या लेखनावर कॉलेजनं मला घेतलं, असं मी आजवर सगळ्यांना ऐटीत सांगत आले. खरी गोष्ट एवढीच, की कॉलेजला मामा हवा होता आणि तो एकटा मिळत नव्हता!