बंपरवरचा नारळ

आधी मावशीचं सांगतो, मग गाड्यांचं. मावशी म्हणजे मालकांच्या बंगल्यातली स्वयंपाकीण, शाहूवाडीकडची. आठवीत शाळा सोडलेला मी, गोंदियाकडून इतक्या लांब कोल्हापुरात ड्रायव्हर म्हणून आलो. माझी नोकरी टिकली ती तिच्यामुळं. अजून टिकून आहे. तरी रोज सकाळी वाटतं, आज काढतील.

मालकांकडं दोन गाड्या. एक त्यांच्या वडिलांच्या वेळची अमेरिकन, दोनच दारांची, लांबलचक बॉनेटची. सुरू केली की बंगल्याच्या काचा थरथरायच्या, आणि ब्रेक दाबायचा म्हणजे त्यावर उभंच राहायचं. दुसरी पांढरी सेडान, नवीकोरी. हिला आवाजच नाही. पट्टा लावला नाही, मागं कुत्रं आलं, सगळ्याला नुसतं टिंगटिंग. जुनी चालवून दंड दुखायचे. नवी चालवताना जीव मुठीत, कुठं ओरखडा उठेल म्हणून.

पाहुणे आले की मालकांचा खेळ ठरलेला. माझ्या मुलखावरून मला हाक मारायचे, "सांग रं झाडीपट्टी, कुठली भारी?" जुनी म्हटलं तर, "गावंढळच की रं तू!" नवी म्हटलं तर, "आमच्या आबांच्या गाडीला नावं ठेवतोस व्हय?" काहीही म्हटलं तरी हसायला मीच.

खंडेनवमीला दोन्ही गाड्या धुऊन, हार घालून उभ्या केल्या. ह्या घरची रीत अशी की नारळ दगडावर नाही, जुन्या गाडीच्या बंपरवर फोडायचा. लोखंडी बंपर, एका दणक्यात दोन भकलं. मालक पाहुण्यांकडं बघत म्हणाले, "आता नवीवर. दुजाभाव नको."

"मालक, हा प्लास्टिकचा..."

"फोड म्हटलं की!"

मी आपटला. नारळ तसाच, बंपरला मात्र हा एवढा तडा, आतला सेन्सर तारेला लोंबकळलेला. एक पाहुणा फिस्सकन हसला आणि मालकांचं डोकं फिरलं.

"कुणी सांगितलं तुला बंपरवर फोडायला?" न फुटलेला नारळ उचलून त्यांनी माझ्या कपाळाला टेकवला. "बघूया का पावणं, कोण टणक हाय?" सगळे हसले. नारळ दोनदा कपाळावर बसला, हळू नाही. "बोचकं उचल. आजच्या आज."

मावशी नैवेद्याचं ताट घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, "मालक, तुमीच सांगितलासा की. समद्यांनी ऐकलंय."

मालकांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, बाजारात बघतात तसं. "ड्रायव्हर लगेच मिळत न्हाय. भाकरी थापणाऱ्या ढिगानं मिळत्यात. म्हातारे, ताट ठेव आन् चालू लाग."

तिला स्टँडवर सोडून येऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुठल्या गाडीनं जाणार म्हणं? इचारून ये." परत हशा. मावशी पिशवी घेऊन चालत गेली. पाहुण्यांनी तिच्याच हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. वाढायला मी होतो.

आता ती भावाच्या घरी आहे, भावजयीची बोलणी खात. फोन केला की एकच विचारते, "काढलं न्हाय न्हवं तुला? मग झालं."

मावशी, एक दिवस ह्याच गावात माझी स्वतःची खोली असेल, दोन माणसांपुरती. तुला घेऊन येईन आणि किल्ली तुझ्या कमरेला लावीन. तिथून तुला कुणी ऊठ म्हणणार नाही. तोवर तेवढी थांब.