लांडग्याचा वाटा

लांडग्यांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. त्या मुक्या जनावरांनी माझं काडीचं वाकडं केलं नाही. केलं ते दोन पायांच्यांनी.

नवऱ्याची नोकरी मोंटानातल्या एवढ्याशा गावातल्या हॉस्पिटलात होती. व्हिसा हवा असला की डॉक्टरच्या वाट्याला अशीच गावं येतात. कॅलिफोर्नियातल्या, फ्रीमाँटच्या मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, "यार, तिथे तू करतेस तरी काय?" मी म्हणायचे, "मटण तोडते." खोटं नव्हतं ते. थंडीच्या तोंडावर शेजारचा म्हातारा आणि त्याचे दोन मित्र एल्क मारून आणायचे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. मग म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये लांब टेबलावर तोडायचं, पांढऱ्या कागदात बांधायचं, वाटे करायचे. पहिल्या वर्षी मी नुसती बघायला गेले. त्यांची तोडायची तऱ्हा बघवेना, तेव्हा सुरी मागून घेतली. तेव्हापासून टेबलाशी माझी जागा ठरली आणि एक वाटा माझा झाला.

संध्याकाळी माझा काळ्या मसाल्याचा रस्सा. तिघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळायचं, पण पातेलं चाटूनपुसून साफ! म्हाताऱ्याच्या बायकोला मी एकदा सांगितलं होतं, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. बाईने ते मनावर घेतलं. माझं पातेलं कधी जॅमची बाटली, कधी सफरचंदं घेऊन घरी यायचं. त्या गावात आपलं कुणी आहे असं वाटायचं ते एवढ्यावरच.

मग गप्पांत लांडगे शिरले. "सरकारने कॅनडातून आणून सोडले, आम्हाला कुणी विचारलं?" "दरीत एल्क उरला नाही." "दिसला की गोळी घालायची, पुरायचा आणि तोंड बंद ठेवायचं." दरवर्षी तेच दळण. त्यात एका वर्षी म्हाताऱ्याची शिकारी कुत्री डोंगरात लांडग्यांनी फाडली. तिचा पट्टा त्याने गॅरेजमधल्या खिळ्याला टांगून ठेवला होता.

त्याच वर्षी एका मित्राने मला विचारलं, "तुमच्याकडे लांडग्याचं काय करतात?"

मी फलटणकडची. म्हटलं, "मेंढी नेली तर आमचा धनगर म्हणतो, जाऊ दे, त्याचाही वाटा असतो."

म्हाताऱ्याची सुरी थांबली. "तुझ्या मेंढ्या किती होत्या?"

"एकही नाही."

"वाटलंच मला."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! मराठीचा गंध नसताना त्याने मला नेमकं तेच ऐकवलं. त्या दिवशी वाटा मिळाला, रस्साही झाला, पण परत कुणी मागून घेतला नाही.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. गॅरेजचा दिवा दिसत होता, बाहेर ट्रक उभे होते. नवरा म्हणाला, "जाऊ नकोस." मी कसली ऐकते! रस्सा उकळला, मांस तेवढं घालायचं ठेवलं आणि पातेलं घेऊन गेले.

म्हातारा दारातच आडवा उभा राहिला. "एकच मिळाला या वर्षी," तो म्हणाला. "तुझा वाटा लांडग्यांनी खाल्ला. त्यांचाही असतो, असं तूच म्हणाली होतीस."

अस्सा संताप आला! कुत्री गेली त्याचं दुःख मलाही होतं की, तिला मीच हाडं घालायचे. त्याच्या खांद्यावरून टेबल दिसत होतं. माझ्या जागेवर कुणी भलताच माणूस सुरी चालवत होता. म्हातारी पुढे आली, माझ्याकडे न बघता तिने पातेलं घेतलं आणि दार लावलं.

सकाळी पातेलं आमच्या पायरीवर होतं. घासून लख्ख. विसरली असेल म्हणावं, तर इतक्या वर्षांत बाई एकदाही विसरली नव्हती. तरी मी वेड्यासारखं झाकण काढून पाहिलं. आत काही नव्हतं.